निवटी आत आली

तो तक्ता अजून माझ्या कपाटात आहे. गुंडाळी करून, दोन्ही टोकांना रबर लावून, साड्यांच्या मागे. शाळेच्या भिंतीवरून मी तो काढला तेव्हा चौथीच्या सतरा मुलांपैकी एकानेही विचारलं नाही की बाई, का काढता. एरवी वर्ग गप्प बसला की मला बरं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं.

मी घाटावरची. बदली होऊन पेण आणि अलिबागच्या मधल्या खारेपाटात आले तेव्हा खाडी मला पुस्तकातून माहीत होती, आणि पुस्तकातून माहीत असणाऱ्याला जेवढी घमेंड असते तेवढी मला होती. गाव लहान. गाव आणि खाडीच्या मध्ये मातीचा एक लांबलचक बांध. बांधाच्या एका अंगाला भाताची शेतं, विहिरी, घरं, शाळा. दुसऱ्या अंगाला चिखल, तिवरांची झाडी आणि खारं पाणी. गावची माणसं अलीकडच्या अंगाला ‘आत’ म्हणत आणि पलीकडच्याला ‘बाहेर’. म्हशी बाहेर गेल्या, कोंबड्या आत आहेत, असं. मला वाटायचं, दोन साधे शब्द, यात शिकण्यासारखं काय आहे.

एक गोष्ट मात्र पहिल्याच महिन्यात पाहिली. अमावास्येचं उधाण होतं, भर दुपारची भरती. मी बांधावर उभी होते. बाहेरचं पाणी बांधाच्या छातीपर्यंत चढलं होतं आणि आतली भाताची रोपं माझ्या पायांच्या कितीतरी खाली होती. म्हणजे पाणी वर आणि गाव खाली, आणि दोघांच्या मध्ये चिखलाचा हा एवढासा उंचवटा. शेजारून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आरामात चालत गेली. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. पण माणूस सगळ्याला सरावतो. दोन महिन्यांत मीही सरावले.

पूर्वी म्हणे बांधाचा तुकडा न् तुकडा घराघराला वाटून दिलेला असे. या पद्धतीला ते ‘जोळ’ म्हणत. ज्याचं शेत बांधाला लागून, त्याने आपला तुकडा राखायचा. आता तरुण मंडळी ट्रकवर नाहीतर कंपनीत. राखणारे म्हणाल तर चार-पाच म्हातारे उरले होते. त्यांतल्या एकाची नात माझ्या वर्गात होती. बारीक, सावळी, अक्षर मोत्यासारखं, बोलणं मात्र मोजून मापून. भेंडीच्या जुन्या, डेरेदार झाडाजवळ बांध वळतो, त्या वळणाचा तुकडा त्यांच्याकडे होता आणि वळणाखालचं शेतही त्यांचंच.

जुलै संपताना तो म्हातारा शाळेच्या दारात आला. नातीचा हात धरलेला.

“बाई, मी पनवेलला जातो पोराकरं. दोनी डोल्यांचा आप्रेशन हाय, दोन म्हयने लागतील. पोरीवर ध्यान ठेवा.” मग तो नातीकडे वळला. “बांधाला टाच चुकवू नको. आनि बाईंचा शबुद मोडायचा न्हाय. काय?”

तिने मान हलवली. पहिलं वाक्य मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. दुसरं मात्र फार आवडलं.

माझ्या डोक्यात तेव्हा एक खूळ शिरलं होतं. परिसर अभ्यास भिंतीच्या आत बसून शिकवायचाच नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, प्रार्थना झाली की मुलांना जोड्याजोड्याने बांधावर न्यायचं. वह्या, गळ्यात दोऱ्याने बांधलेल्या पेन्सिली. आम्ही त्याला फेरी म्हणायचो. खरं तर मुलांनीच मला शिकवलं. हा खंड्या, ही ढोकरी, ही चिंबोरी, आणि चिखलावर पोट घासत उड्या मारणारा, डोळे पार टाळूवर बसवलेला तो मासा म्हणजे निवटी. मी फक्त शुद्धलेखन पुरवायची आणि भाव खायची. फळ्यावर मीच लिहिलं होतं, ‘निवटी पाण्याबाहेरही राहू शकते, पण तिला खारा चिखल लागतो.’ हे वाक्य पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगून ठेवते.

पहिल्याच फेरीला मुलांची एक खोड माझ्या नजरेस आली. चालता चालता, गप्पा न थांबवता, खाली न बघता, ती मध्येच थांबून टाच दणकन आपटायची आणि पुढे जायची. बघितलं तर बांधात जागोजागी खेकड्यांची भोकं होती आणि ही कार्टी ती चिखलाने बुजवत होती. माझा पारा चढला. आम्ही इथे आलोय कशाला? जीव बघायला की जिवंत गाडायला?

“कुणाचं घर असं बुजवतात का? तुमच्या घराचं दार कुणी लिंपून टाकलं तर?”

मुलं हसली. म्हाताऱ्याची नात हसली नाही. “बाई, आजा सांगतो, भोक दिसला का टाच मारायची.”

“आजोबांच्या वेळी तसं असेल. आपण अभ्यास करतोय. खेकडा आपला पाहुणा आहे.”

ती अंगठ्याने चिखल उकरत उभी राहिली. मग म्हणाली, “बरा, बाई.”

सोमवारी आम्ही चार कार्डशीट चिकटवून तक्ता केला. मधोमध आडवा बांध, भेंडीच्या वळणासकट. वर ‘बाहेर’, खाली ‘आत’. दोन्हीकडे आढळलेल्या जिवांची यादी. आणि प्रत्येक बिळाला एक लाल टिकली. टिकल्यांची पाकिटं मुलींनी घरून आणली. तक्त्याच्या माथ्यावर फेरीचा पहिला नियम लिहायचा होता. वर्गात सगळ्यात सुंदर अक्षर त्या मुलीचं, म्हणून मी तिलाच उभं केलं. तिने स्टुलावर चढून, जीभ दातांत धरून लिहिलं: ‘कुणाचेही घर बुजवायचे नाही.’

श्रावणभर आम्ही फेऱ्या केल्या. टिकल्या वाढत गेल्या. सगळीकडे थोड्याथोड्या वाढल्या, पण वळणाजवळ त्यांची गर्दी झाली, गोवर उठलेल्या अंगासारखी. मी हुरळून गेले. बघा, त्रास दिला नाही की जीव कसे नांदतात! फोटो काढून केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, अंगठे आले, टाळ्या आल्या. केंद्रप्रमुख मुद्दाम येऊन तक्ता बघून गेले. मी त्या दिवशी नवी साडी नेसले होते.

आता तो तक्ता उघडून बघते तेव्हा त्यात सगळं लिहिलेलं दिसतं. आम्हीच लिहिलेलं, तारीखवार. वळणाच्या आतल्या अंगाला पहिल्या फेरीत बेडूक ‘पुष्कळ’. तिसऱ्या फेरीत ‘थोडे’. पाचव्या फेरीत शून्य. भाताची टोकं ‘तांबूस’, असं एका पोराने लिहिलंय. खालच्या चरातल्या मातीवर ‘पांढरी पावडर’. मी त्याला म्हटलं होतं, पावडर काय रे, शाब्बास, निरीक्षण छान आहे, आणि पुढच्या जोडीकडे वळले होते.

त्याच फेरीत ती मुलगी मागे राहिली. बघते तर खाली चरापाशी बसून पाण्यात बोट बुडवून चोखत होती.

“अगं, घाण! उठ आधी!”

ती उठली. हात फ्रॉकला पुसले. “बाई, एकच बुजवू का? ह्या एकच. मोठा हाय.”

“नियम काय आहे?”

“बुजवायचा न्हाय.”

“कुणी लिहिलाय?”

“मी.”

“मग? नियम म्हणजे नियम.”

मला माझं ते बोलणं आठवतं तेव्हा स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. ते बीळ मनगटाएवढं होतं.

पुढच्या शनिवारी पाऊस होता म्हणून फेरी झाली नाही. पण सोमवारी ती मुलगी शाळा भरण्याआधीच दारात उभी. केस विंचरलेले नाहीत. आत येऊन माझ्या टेबलाजवळ अगदी हळू आवाजात म्हणाली, “बाई, निवटी आत आयली.”

मी काय केलं? टाळ्या वाजवल्या. वर्ग भरल्यावर तिला पुढे उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. फेरी नसताना स्वतःहून निरीक्षण केलं म्हणून तिच्या वहीवर चांदणी काढली. ‘आत’च्या यादीत लाल पेनाने लिहिलं, निवटी, नवीन नोंद. फळ्यावरचं माझंच वाक्य मला आठवलं नाही. वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण कशा, तर तेराव्याच्या जेवणाला बसल्यासारख्या. खिडकीजवळच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. त्या गावात ‘आत’ हा काही यादीचा मथळा नव्हता. खारं पाणी आत आलं तर सगळं संपलं, हे तिथलं पोर दूध पिताना ऐकतं. पण बाई टाळ्या वाजवत होत्या, आणि बाईंना जास्त कळतं.

घरी तिने आईला सांगितलं असेल. आई सकाळी सहाला मासळी घेऊन अलिबागच्या बाजाराला जायची ती दुपारी परत. बाप पनवेलला ट्रकवर. ‘बाईंना सांग’, आई म्हणाली असेल. तिने बाईंनाच सांगितलं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी सर्वपित्री अमावास्या आली. सकाळपासून वारा पडला होता. घराघरांच्या पत्र्यावर कावळ्यांसाठी वाडगी ठेवली होती, आणि कावळे येत नव्हते. मुलं सारखी खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा डस्टर आपटलं.

अकराच्या सुमारास म्हातारा शाळेत आला. आदल्या दिवशीच परतला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात केळीच्या पानात बांधलेले वडे आणि खीर, माझ्यासाठी. नातीला पितरांच्या जेवणाला न्यायला आला होता. मी मोठ्या कौतुकाने त्याला तक्त्यापुढे नेलं. “बघा, आजोबा, तुमच्या नातीचं काम.”

त्याने काळा चष्मा काढला. नव्या डोळ्यांनी त्याने नीट वाचलेली पहिली गोष्ट बहुधा आमचा तक्ता असेल. बोट वरून खाली आणलं. माथ्यावरच्या ओळीवर ते जरा थांबलं, मग बांधावरून सरकत सरकत वळणाशी आलं आणि टिकल्यांवरून फिरत राहिलं. मग ‘आत’च्या यादीत.

“निवटी,” तो म्हणाला. “आत म्हंजे… आत?”

“हो ना! नवीन नोंद आहे.”

“कवा?”

“झाले की दोन आठवडे.”

त्याने नातीकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं. “आज आवस,” तो म्हणाला, कुणाला नाही, असंच. मग वडे माझ्या टेबलावर ठेवले, अगदी सांभाळून, आणि धावत सुटला. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोळ्यांत अजून औषध, धोतराचा सोगा हातात धरून पळत होता आणि ओरडत होता. मुलं न सांगता उठून उभी राहिली. माझ्या हातात खडू होता. काय झालंय ते मला तेव्हा कळलं.

गाव धावलं. जे घरात होते ते सगळे. खताच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली, पेंढा आणला, कुणीतरी गोठ्याचं दार उखडून आणलं. बायका घमेल्यांनी चिखल टाकत होत्या. पाणी मात्र आपल्या वेळेने चढत होतं. मी मुलांना शाळेच्या व्हरांड्यात अडवून धरलं होतं. शाळा उंचावर, सगळं स्पष्ट दिसत होतं.

बांध फुटला असं आपण म्हणतो. फुटल्यासारखा काही आवाज आला नाही. साडेबाराच्या पुढे, भेंडीच्या झाडाजवळ, बांध खाली बसला. थकलेलं माणूस बसतं तसा. गोण्या सरकल्या, माणसं दोन्हीकडे पळाली, झाड कललं, आणि मग तपकिरी पाणी आत आलं. त्याला घाई नव्हती. पहिलं शेत तिचं. भात पोटरीत आला होता, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात; पाणी शिरलं तशी रोपं एका बाजूला झुकली आणि मग दिसेनाशी झाली. माझ्या शेजारी ती मुलगी कठड्याला धरून उभी होती. रडली नाही. तिच्या ओठांची हालचाल होत होती, जवळ वाकले तेव्हा कळलं की ती काहीतरी मोजत होती. टिकल्या असतील, मी विचारलं नाही.

माणूस कुणी दगावलं नाही. म्हणून गावाने देवाला नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळे खांडीच्या, म्हणजे जिथे बांध गेला होता त्या जागेच्या काठावर जमले. मीही गेले, छत्री घेऊन. बांध जुना झाला होता, कुणी म्हणालं. खाडीतून जाणाऱ्या बार्जच्या लाटांनी पाया खाल्ला, दुसरा म्हणाला. असेलही. अजूनही मला रात्री तेवढाच आधार आहे. पण एकाने थेट विचारलं, “ह्या वलनाला टाच मारायला कोन होता?”

म्हातारा म्हणाला, “पोरीला सांगून गेल्तो.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांची मुलगी, चिखलात पिंढऱ्यांपर्यंत उभी. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. फक्त एकदा. मग म्हणाली, “इसरली मी.”

आणि मी, जिला वर्गात एक मिनिट गप्प बसवत नाही, ती मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. छत्रीचा दांडा हातात घट्ट धरला होता, एवढं आठवतं. घसा खाकरला सुद्धा. बोलले नाही.

पोरं दुष्ट असतात. तिसऱ्या दिवसापासून वर्गात तिचं नाव ‘इसरी’ पडलं. मोठ्या माणसांनीही उचललं. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, ती बघ इसरी चालली. मी वर्गात एकाच्या पाठीत धपाटा घातला, पण त्याने काय होतं. तो हसला आणि म्हणाला, “तीच बोलली ना, बाई.” तक्ता मी त्या दिवशी काढला.

मला आठ दिवस लागले. रोज ठरवायची, रोज चप्पल घालायची, रोज परत काढायची. बदलीचा अर्जही लिहून पाहिला. लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त. नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले. ओटीवर म्हातारा बसला होता, समोर पूर्वी शेत होतं तिथे भरतीचं पाणी चमकत होतं. ओटीच्या खालच्या पायरीवर ओल आली होती.

बसले. म्हटलं, “आजोबा, ती विसरली नव्हती.”

त्याने काळा चष्मा काढून धोतराला पुसला.

“मी तिला मनाई केली होती. ती एक भोक तरी बुजवू द्या म्हणाली होती. मी नाही म्हटलं.”

“वाचता येतो मना, बाई,” तो म्हणाला. “तक्त्यावर वरच लिवलाय. तिचा अक्शर हाय.”

म्हणजे त्या दिवशी काठावर, सगळ्यांसमोर ती ‘इसरली मी’ म्हणाली तेव्हाही त्याला माहीत होतं. आणि मी छत्री धरून उभी होते, हेही त्याने नव्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“मग तुम्ही तिथे का नाही बोललात?”

“तुमी बोलताव का, बगत होतो.” तो पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पोरीला काय बोलू, बाई? तुमच्या दारात उबा राहून दोन गोष्टी सांगल्या मीच. बांधाला टाच चुकवू नको, नि बाईंचा शबुद मोडू नको. तिनं एक पालली.”

मला रडू आलं. पदर तोंडात धरला. म्हटलं, “उद्या देवळात बांधाची बैठक आहे ना? सगळ्यांपुढे सांगते. तिचं नाव…”

“सांगा,” तो म्हणाला. “मना सांगून काय उपेग न्हाय.”

एवढ्यात ती आतून आली. दोन्ही हातांत कपबशी धरून, सांडू नये म्हणून पावलं मोजत. माझ्यापुढे ठेवली. कोरा चहा होता. मी बघितलं तशी ती म्हणाली, “दूद फाटता, बाई. इहिरीचा पानी खारा झालाय.”

मग ती आजोबाच्या बाजूला जाऊन बसली आणि मी पितेय का ते बघू लागली. मी चहा प्यायले, बशीतला थेंबही ठेवला नाही.